दुसरीतला मुलगा भराभर वाचतो पण काय वाचलं ते सांगता येत नाही, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा दुसरीत आहे, मराठी धडा भराभर वाचतो, कुठं अडकत नाही, पण काय वाचलं विचारलं की गप्प, म्हणून तुम्ही उताऱ्यांचं वर्कबुक आणून रोज एक उतारा सोडवून घेऊन राहिल्या. मी इथं नागपुरात प्राथमिकला शिकवते, पहिली ते तिसरीचीच लेकरं असतात माझ्याकडे, आणि पालकसभेत हा प्रश्न निघतोच निघतो, तर जरा सविस्तर सांगते. ते वर्कबुक सध्या कपाटात ठेवा.

का ते बघा, हे वाक्य मी मनानंच रचलेल्या, अर्थ नसलेल्या शब्दांचं आहे. "फिंगरू रोज सकाळी चटमळात गुळसत असे." प्रश्न: फिंगरू कुठे गुळसत असे? उत्तर: चटमळात. झाले पैकीच्या पैकी मार्क, आणि समजलं काय तर काहीच नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचं उतरवून काढायचं, यात मुलं इतकी तरबेज होतात की घरच्यांना वाटतं जमून राहिलं.

आधी गाडं कुठं अडलंय ते शोधा. त्याच्या पातळीची एक नवी गोष्ट तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, त्यानं फक्त ऐकायचं, आणि मग म्हणा की आता ही बाबांना सांग. ऐकून नीट सांगितली तर अडचण वाचण्यात आहे, म्हणजे जोडाक्षरं, रफार यातच त्याचं सगळं लक्ष खर्च होतं आणि अर्थाकडं बघायला काही उरत नाही, मग त्याला सोपी, छोट्या वाक्यांची पुस्तकं द्या आणि तीच तीच परत वाचू द्या. पण ऐकूनही सांगता आली नाही, तर वाचनाचा सराव कितीही करून घ्या, फरक पडायचा नाही. गॉफ आणि टनमर या दोन वाचन-संशोधकांनी 1986 मध्ये हे सूत्रासारखं मांडलं होतं, समजून वाचणं म्हणजे अक्षरांवरून शब्द वाचता येणं गुणिले भाषा ऐकून समजणं. गुणाकार आहे हो, बेरीज नाही, एक बाजू शून्य असली की सगळंच शून्य. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी दुसरी बाजू कच्ची वाटते.

आता ही दुसरी बाजू कशानं बनते? शब्दांनी आणि माहितीनं. आमच्या वर्गात एक उतारा होता, ओहोटी लागली तशी मुलं शिंपले वेचायला धावली, असा काहीतरी. वर्गातल्या सगळ्यात चांगल्या वाचणाऱ्या पोरानं तो खणखणीत वाचला. मी विचारलं, मुलं आत्ताच काऊन धावली, आधी काऊन नाही? त्याला सांगता येईना. कसं सांगेल, त्यानं पाणी पाहिलंय ते इथल्या फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावाचं, ते काही रोज मागं सरकून परत येत नाही. मग फळ्यावर किनारा काढला, समुद्राचं पाणी दिवसातून साधारण दोनदा चढतं नि दोनदा उतरतं, उतरलं की खालची वाळू उघडी पडते आणि शिंपले दिसतात, एवढं सांगितलं. तोच उतारा त्यानं परत वाचला आणि न विचारता म्हणाला, मॅडम मग पाणी परत यायच्या आत वेचा लागत असन नं. हे समजून वाचणं! उलट तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या लहान मुलांच्या पोळ्याचा, उतारा आला तेव्हा शब्दाशब्दाला अडखळणारी एक मुलगी सगळं सांगून मोकळी झाली, लाकडी नंदी कसा सजवतात, घरोघरी नेला की बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, कसा मिळतो, जे उताऱ्यात नव्हतं तेही. अमेरिकेत 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांवर हेच तपासलं होतं, उतारा बेसबॉलचा होता, आणि वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा जास्त सांगू शकली. म्हणून मी म्हणते की "आकलन" हे गुणाकारासारखं एकदा शिकवलं की कुठंही चाललं असं नसतं, ते ज्या विषयाचं वाचतोय त्याच्याशी बांधलेलं असतं.

म्हणून घरी काय करायचं तर रोज पंधरा-वीस मिनिटं तुम्ही वाचून दाखवा, तो स्वतः वाचू शकत असला तरीही, कारण या वयात मुलं स्वतः वाचू शकतात त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्टी ऐकून समजू शकतात आणि मोठे शब्द तिथूनच येतात. आणि एक विषय धरून थोडे दिवस त्याच्यातच राहा. समजा रेल्वे घेतली, तर रेल्वेची गोष्ट, रेल्वेची माहिती, मग नागपुरात असाल तर एका रविवारी मोतीबागच्या नॅरो गेज रेल म्युझियमला जाऊन या, इंजिन, रूळ, सिग्नल हे शब्द परत परत कानावर पडले की पुढचं पुस्तक त्याला आपोआप सोपं जातं. प्राणी आवडत असतील तर महाराजबागचं प्राणिसंग्रहालय आहेच.

पुस्तकांवर फार खर्चही करावा लागत नाही. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, त्याही फुकट.

वाचताना प्रश्न कमी विचारा पण कामाचे विचारा. मुलाचं नाव काय, कुत्रा कोणत्या रंगाचा, हे सोडा. तो आईशी खोटं काऊन बोलला, तू असता तर काय केलं असतं, आता पुढं काय होईल, असं विचारा आणि उत्तरासाठी थांबा, चार-पाच सेकंद शांतता गेली तरी मधे बोलू नका (हे सगळ्यात कठीण जातं पालकांना). आणि अधूनमधून स्वतःच म्हणा, थांब रे, हे वाक्य मला समजलं नाही, परत वाचते. कारण बऱ्याच लहान मुलांना आपल्याला समजलं नाही हेच कळत नसतं, ती पुढं वाचत जातात. याच्यासाठी माझ्या वर्गात एक खेळ चालतो, गोष्ट वाचताना मधेच चुकीचं वाक्य घुसवायचं, "भर दुपारी बारा वाजता टिपूर चांदणं पडलं होतं", आणि कोण पकडतं ते बघायचं. सुरुवातीला कोणी पकडत नाही, नंतर इतके सावध बसतात की मला खरं वाक्यही सिद्ध करावं लागतं.

शाळा सेमी असो की इंग्लिश मीडियम, घरी हे मराठीतच करा, ओहोटी एकदा समजली की ती इंग्रजी धड्यात आली तरी समजते. घरात आजी असतील तर त्यांच्या तोंडी गोष्टीही यातच धरा, त्यांना वाचता येत नसलं तरी चालतं.

आणि घरात बोललेलं, रोजच्या सूचनाही त्याला नीट कळत नाहीत असं दिसलं तर वाट बघत बसू नका, आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग मुलांच्या डॉक्टरांशी बोला. परीक्षेतल्या उताऱ्यांची काळजी असेल तर परीक्षेच्या आधी दोन-तीन उतारे सोडवून घेतले की पुरे, तेवढ्यात प्रश्नांची पद्धत कळते.