मॉडेल रेल्वेचे डीसीसी इंजिन लांबच्या टोकाला आदेश ऐकत नसेल, तर डिकोडर बदलावा का?

आपण लिहिले आहे की डीसीसीवर, म्हणजे रुळांतूनच वीज आणि डिजिटल आदेश देण्याच्या पद्धतीवर, चालणारे आपले एचओ (१:८७ मापाचे) इंजिन बूस्टरजवळ (रुळांना वीज आणि आदेश पुरवणाऱ्या यंत्राजवळ) व्यवस्थित चालते, पण लेआउटच्या, म्हणजे रुळांच्या मांडणीच्या, दुसऱ्या टोकाला गेले की त्याचे दिवे लुकलुकतात, थांबण्याचा आदेश त्याला पोहोचत नाही आणि एकदा तर ते आपोआप पूर्ण वेगाने सुटले. मीटर त्या टोकालाही १५ व्होल्ट दाखवतो, म्हणून डिकोडर (इंजिनातले आदेश वाचणारे सर्किट) बदलावा की ५ ऐवजी ८ अँपिअरचा बूस्टर घ्यावा, असा आपला प्रश्न आहे. दोन्ही करू नका. यातली पहिली चूक मी पैसे मोजून केलेली आहे आणि दुसरी अगदी थोडक्यात टळली.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचे काम करतो आणि घराच्या माळ्यावर माझा आठ मीटर लांबीचा लेआउट आहे. त्याचे वायरिंग माझ्या साडूंनी केले. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे, आणि मी जाड तारेचे नाव काढताच त्यांनी सगळ्यांसमोर ऐकवले, "तुमचं काम मोटारीचं, हे सिग्नलचं काम आहे; सिग्नलला जाड तार कशाला लागते?" त्यांनी टेलिफोनची बारीक तार ओढली, संपूर्ण लेआउटला दोनच फीडर (रुळांना वीज पोहोचवणाऱ्या तारा) दिले आणि बाकी सगळा भार रुळांच्या जॉइनरवर, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, टाकला. हिवाळाभर गाड्या उत्तम धावल्या. जुलैमध्ये राजाराम बंधारा पाण्याखाली गेला त्या आठवड्यात माळ्यावर सगळे सर्द झाले आणि इंजिन लांबच्या टोकाला बहिरे झाले. साडूंनी डिकोडर जळाल्याचे निदान केले. मी नवा मागवला, आणि तोही त्याच ठिकाणी बहिरा निघाला. मग त्यांनी मोठ्या बूस्टरचा आग्रह धरला.

त्या रात्री मी दुकानातून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा आणला आणि रुळांवर टेकवला. बूस्टरजवळ तो डोळ्यांत खुपेल इतका पेटला आणि मीटरचा आकडा १४ च्या खाली गेला नाही. लांबच्या टोकाला तोच दिवा विडीच्या टोकासारखा लालसर झाला आणि मीटर ८ वर आला. दिवा टेकवलेला ठेवून मी एकेका जॉइनरला बोटाची मागची बाजू लावत गेलो, तेव्हा वळणावरचा एक जॉइनर चहाच्या पेल्याइतका गरम लागला. तो उपसला तर आतून काळा पडलेला होता. हे रूळ ज्या निकेल सिल्व्हरचे असतात त्यात चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू, म्हणजे आपल्याकडचे जर्मन सिल्व्हर, आणि दमट हवेत तो काळवंडतोच.

सिग्नलला जाड तार लागत नाही हे विधान डीसीसीपुरते साफ चूक आहे, कारण येथे वीज आणि आदेश वेगळे नसतातच. रुळांवरची वीज सतत उलटसुलट होते. तिचा अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो एक आणि सुमारे १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांचा असेल तर शून्य. जोड कच्चा असला की चाकाखाली हे ठोके तुटतात, डिकोडरला तपासणीचा बाइट जुळत नाही, तो ते पॅकेट, म्हणजे तो आदेश, टाकून देतो आणि आधीचाच आदेश पाळत राहतो. मोकळ्या रुळावर मीटर लावून साडू समाधानी होत. भार नसताना कच्चा जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. साधा मीटर या लहरीचा आकडा अंदाजेच देतो, पण दोन टोकांची तुलना करायला तो पुरतो.

आता मोठ्या बूस्टरविषयी. आपल्या लांबच्या टोकाला नाणे आडवे टाकून दोन्ही रूळ जोडा. बूस्टर तत्काळ बंद पडला पाहिजे. वाटेत ३ ओहमहून जास्त रोध असेल तर १५ व्होल्टवर ५ अँपिअर वाहतच नाहीत, बूस्टरला शॉर्ट कळत नाही आणि सत्तर-पंचाहत्तर वॉटची उष्णता त्या जोडांत आणि चाकांत जिरते. ८ अँपिअरचा बूस्टर तर आणखी उशिरा जागा होईल. मी लेआउटखालून अडीच चौरस मिलिमीटरची बस वायर (मुख्य तार) नेली आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र फीडर डाख देऊन जोडला. साडूंचे म्हणणे होते की फीडरऐवजी सगळे जॉइनरच डाख देऊन पक्के करावेत. तसे केल्यास एप्रिलच्या उन्हात माळ्यावर रूळ वाकतात, कारण त्यांना सरकायला जागा उरत नाही.

पूर्ण वेगाने सुटण्याचे कारण वेगळे आहे. तुटका सिग्नल डिकोडरला साध्या डीसी विजेसारखा वाटतो. डिकोडरच्या सीव्ही (सेटिंग) २९ मध्ये ६ असेल तर २ करा, म्हणजे तो डीसीवर धावणार नाही. रूळ आणि चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सँडपेपर लावू नका, कारण ओरखड्यांत मळ बसतो.

हे सगळे मी आपले इंजिन न पाहता लिहिले आहे. तेच एक इंजिन बूस्टरजवळही अडखळत असेल आणि बाकीची नसतील, तर दोष त्याच्या चाकांत, वीज घेणाऱ्या पत्तीत किंवा खरोखरच डिकोडरमध्ये असू शकतो. तेव्हा सीव्ही ८ मध्ये ८ लिहून तो रीसेट करून पाहा, बहुतेक डिकोडरांना ते चालते. माझा ‘जळालेला’ डिकोडर मी नंतर शंटिंगच्या इंजिनात बसवला. गेल्या दिवाळीत साडूंनी अर्धा तास तेच इंजिन चालवले आणि फार गुळगुळीत चालते म्हणाले. आत कोणता डिकोडर आहे हे त्यांनी विचारले नाही.