तुमचे प्रश्न: महावीरचक्र आणि नौसैनिक

प्रश्न: ७१ च्या युद्धात नेव्हीत महावीरचक्र फक्त ऑफिसर लोकांनाच मिळालं का हो?

उत्तर: नाही हो दादा, महावीरचक्र मिळालेले लीडिंग सीमन (म्हणजे ऑफिसर नाही, खलाशांमधलं पद) चिमन सिंग यांचं नाव तुम्ही ऐकलंच पाहिजे. डिसेंबर १९७१, खुलनाजवळ त्यांची गनबोट हवाई हल्ल्यात बुडाली, स्वतःला छर्रे लागलेले, किनाऱ्यावरून गोळीबार चालू, आणि तशात हा माणूस बुडणाऱ्या दोन जखमी साथीदारांना घेऊन पोहत काठाला आला. आणि मग, मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं, ते सरळ शत्रूच्या दिशेने धावले म्हणून ते दोघं निसटले, हे मात्र पकडले गेले. बांगलादेश मुक्त झाल्यावर सुटले, आल्या आल्या हॉस्पिटलात.