मूल पाच वर्षांचं झालं की ताबा वडिलांकडे जातो का?

"मॅडम, डिसेंबरात मुलगा पाच पूर्ण करतोय. सासरचे म्हणतात, मग कोर्ट त्याला आमच्याकडेच देणार." पुण्यात नोकरी करणाऱ्या या ताईंनी घाबरून परस्परसंमतीच्या घटस्फोटाची बोलणीच थांबवली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ही भीती अर्धवट ऐकलेल्या कायद्यातून येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मधलं कलम ६ म्हणतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाचव्या वाढदिवसाला ताबा आपोआप फिरतो, असं त्यात कुठेही नाही. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं नाव येतं, आणि नातेवाईक तेवढंच धरून बसतात. पण पालकत्व (मुलाच्या वतीनं निर्णय घेण्याचा हक्क) वेगळं आणि ताबा (मूल रोज कोणाजवळ राहतं) वेगळा. कलम १३ नुसार मुलाचं हित सर्वांत वर. शाळा, रोजची देखभाल, मूल कोणाजवळ रुळलंय, हे कोर्ट बघतं.

वडील स्वतंत्रपणे येऊन बसले तेव्हा कळलं, त्यांना ताबा नकोच होता. फिरतीची नोकरी, सांभाळणार आजीच. त्यांची धास्ती दुसरीच होती: सही केली की मूल दिसायचं बंद होईल. आणि त्यांचं चुकत नव्हतं, कारण संमतीच्या अटींच्या मसुद्यात एकच ओळ होती, 'वडिलांना वाजवी भेट मिळेल.' वाजवी म्हणजे किती, हे दर शनिवारी फोनवर ठरणार, म्हणजे दर शनिवारी भांडण. आमच्याकडे पुन्हा येणारी बरीच जोडपी अशाच ओळीमुळे येतात.

ती ओळ खोडून नवं लिहिलं. पहिला व तिसरा शनिवार सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६. आणणं-सोडणं वडिलांनीच, सोसायटीच्या गेटवर. वर घरात यायचं नाही. (जिन्यातल्या दोन मिनिटांत जुनी भांडणं उकरली जातात.) बुधवारी साडेसातला व्हिडिओ कॉल, आई खोलीबाहेर. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी, पण भाऊबीज दरवर्षी मामाकडे, हा ताईंचा हट्ट वडिलांनी सहज मानला. आजारपणामुळे वार चुकला तर पुढच्या शनिवारी भरून द्यायचा. शाळेचे निरोप दोघांच्या मोबाइलवर, पासपोर्टच्या अर्जावर दोघांच्या सह्या. मुलाला दमा आहे, म्हणून पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) दोन्ही घरी एकेक. दप्तरातून ने-आण नको, नेमका तोच विसरतो.

मसुद्यातल्या एका कलमावर मात्र दोन बैठका गेल्या. भेट नाही तर खर्चाचे पैसे नाहीत, असं वडिलांना लिहून हवं होतं. पैसे नाहीत तर भेट नाही, असं ताईंना. दोन्ही काढलं. खर्च मुलाचा, भेटही मुलाची. एक थांबलं म्हणून दुसरं अडवायचं नाही, तक्रार असेल तर कोर्टात अर्ज करायचा.

"तुला कोणाकडे राहायचंय?" हे घरात कोणीही विचारायचं नाही, असंही ठरलं, आजीनं ते दोनदा विचारलं होतं आणि त्यानंतर पोरगा रात्री अंथरूण ओलं करू लागला होता. समजत्या मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं, पण ते न्यायाधीशांनी विचारायचं.

पहिलीत गेल्यावर शाळेची वेळ बदलेल, तेव्हा वेळापत्रकही बदलावं लागेल. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तसा अर्ज करता येतो. दोघांचं जमलं तर नव्या अटी दोघांच्या सहीनं कोर्टापुढे ठेवता येतात. हे ऐकल्यावरच ताईंनी मसुदा वकिलांकडे पाठवला.