सातवीच्या वर्गाला पुस्तक सुचवताना

मॅडम, फळ्यावर दहा नावांची यादी लिहू नका. मुलं ती इमानेइतबारे उतरवून घेतात आणि वही मिटतात. एकच पुस्तक वर्गात न्या, दोन-चार पानं मोठ्याने वाचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यासाठी हुकमी! फुरसुंगीचा हा बन्या पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज करतो आणि नको तिथे नाक खुपसतो. तो संकटात सापडला, की तिथेच पुस्तक बंद करायचं. मधल्या सुट्टीत कोणीतरी टेबलाशी घुटमळतंच.

‘श्यामची आई’ सगळेच सुचवतात. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे आधी सांगा. कान टवकारले जातात. फक्त ‘संस्कार होतील’ म्हणू नका, पोरं पळालीच समजा.

आठवी-नववीला प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’. त्यातल्या लंपन या मुलाची कानडी हेलाची बोली सुरुवातीला अडखळवते, म्हणून पहिली कथा तुम्हीच वाचून दाखवा.

आणि तुमच्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. धनगरांच्या वाडीत रुजू झालेला तरुण मास्तर तुम्हाला ओळखीचा वाटेल.

हो, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली ऑफिसात अडकू देऊ नका. फाटली पुस्तकं तर चिकटवू.