रनिंग कमी, वय जास्त: गाडी बदलावी का?

प्रश्न : माझी वॅगन-आर मार्च 2012 ची आहे. पेट्रोल, एलएक्सआय, फर्स्ट ओनर, रनिंग जेमतेम 41 हजार. आजवर तिने मला रस्त्यात कधी उभं केलेलं नाही. मी शाळेतून निवृत्त झाले आहे. भाजी, दवाखाना, नातेवाईक एवढ्यासाठी गाडी आठवड्यातून एक-दोनदा निघते आणि महिन्यातून एकदा नातीला घेऊन वाईला, माझ्या माहेरी जाते. मुलगी शेजारच्याच सोसायटीत राहते, तिची गाडी दोन वर्षांची आहे. ती म्हणते, 15 वर्षं भरायच्या आत विकून टाक, नंतर भंगारातच द्यावी लागेल. शोरूमवाले 90 हजार आणि वर एक्स्चेंज बोनस देतो म्हणतात. माझं मन होत नाही. काय करावं?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ताई, गाडी विकू नका. मात्र नातीला घेऊन वाईला जाताना मुलीची गाडी न्या.

आधी भंगाराची भीती मनातून काढून टाका. 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणू नयेत, हा आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी निघाला होता. पुण्यात तसं काही नाही. इथे आरसीची मुदत संपत आली की गाडी आरटीओत दाखवून ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. तुमची मुदत मार्च 2027 ला संपेल. त्याआधीच्या 60 दिवसांत फॉर्म 25 भरा. या नूतनीकरणाची केंद्राची फी 1 एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार झाली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवेत, चलन थकलेलं नको, आणि गाडी 2019 च्या आधीची असल्याने नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलेली हवी.

आता गाडीकडे येऊ. मी कोथरूडमध्ये गॅरेज चालवतो. कमी पळालेल्या गाडीचे मालक बहुतेक वेळा निर्धास्त असतात, कारण त्यांचं लक्ष मीटरवर असतं. इंजिनाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. तुमच्या के-टेन इंजिनाला ठराविक काळाने बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि 41 हजार म्हणजे त्याला काहीच नाही. पण रबर, ऑइल आणि बॅटरी किलोमीटर मोजत नाहीत, त्या वर्षांनी म्हाताऱ्या होतात.

टायरपासून सुरुवात करा. खाली वाकून टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, ते वाचा. 2317 असेल तर तो टायर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. एका बाजूला आकडे दिसले नाहीत तर टायरच्या आतल्या बाजूला असतील. नक्षी अगदी नव्यासारखी असली तरी दहा वर्षांचा टायर मी गिऱ्हाइकाला वापरू देत नाही. रबर कडक होतं, आणि पहिल्या पावसात ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावरच ते कळतं. स्टेपनीचेही आकडे बघा, ती बहुधा गाडीबरोबर आलेलीच असेल.

मग बॉनेट उघडायला सांगा. ब्रेक ऑइल नवं असताना फिकट पिवळसर असतं. जुनं झालं की कोऱ्या चहासारखं दिसतं, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. रनिंग काहीही असो, दर दोन वर्षांनी ते बदला. रेडिएटरचे होज, म्हणजे पाण्याचे रबरी पाइप, क्लॅम्पजवळ बोटांनी दाबून बघा. चिरा दिसल्या तर लगेच नवे टाका. पेट्रोलच्या रबरी नळ्यांकडे तर मुद्दाम लक्ष द्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 2012 ची गाडी त्यासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉलही पाणी ओढतं, त्यामुळे एकच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडू देऊ नका. इंजिन ऑइल वर्षाला बदलायचंच, मग गाडी दोन हजार किलोमीटरच का पळाली असेना. पार्किंगमध्ये दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवण्याने काही साधत नाही. आठवड्यातून एकदा चांदणी चौकातून पाषाणपर्यंत चक्कर मारा; इंजिन आणि ऑइल पूर्ण तापलं की आतला ओलावा उडून जातो.

आता वाईचं. तुमच्या एलएक्सआयमध्ये एअरबॅग नाही आणि जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएसही नाही. आपल्याकडे नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरसमोरची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची 2022 पासून. मुलीच्या गाडीत दोन्ही आहेत. कर्वेनगरातल्या गर्दीत हा फरक फारसा जाणवणार नाही. पण खंबाटकीच्या घाटात पुढे-मागे कंटेनर असताना तो मला फार मोठा वाटतो, आणि मागे लहान मूल बसलेलं असताना त्यावर मी तडजोड करणार नाही. मुलीची गाडी मिळणारच नसती, तर मी तुम्हाला नवी गाडी घ्या असंच सांगितलं असतं. ती गाडी असली तरी नातीला मागच्या सीटवर बसवा, तिच्या उंचीप्रमाणे चाइल्ड सीट किंवा बूस्टर लावून पट्टा बांधा.

पैशांचंही सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला, त्यामुळे शोरूमची ऑफर आकर्षक वाटणं साहजिक आहे. पण सहा लाखांच्या गाडीवर 11 टक्के रोड टॅक्स म्हणजे 66 हजार, वर इन्शुरन्स. तुमच्या जुन्या गाडीचे जेवढे येतील, त्यातला मोठा भाग इथेच संपेल. त्याऐवजी चार टायर, होज, ब्रेक ऑइल, बॅटरी आणि नूतनीकरण असं सगळं केलंत तरी ती रक्कम नव्या गाडीच्या किमतीच्या जवळपासही जाणार नाही.

पुढे कधी विकलीत, तर एक्स्चेंज बोनस सोडून नुसत्या गाडीचा भाव काय, हे वेगळं लिहून घ्या. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्समध्ये मिळणारी सूट, तुमचा आहे, गाडीचा नाही. विकताना इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, म्हणजे नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळेल.