दिवाळीआधीची तयारी

प्रश्न : आम्ही फैजपूरला बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, केळीचे वेफर्स करतो. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, माल पुण्या-मुंबईला जातो. दिवाळीच्या गर्दीआधी काय बघावं?

उत्तर : ताई, आधी मोबाइल. तुमचं सगळं दुकान एका सिमवर उभं आहे. तो हरवला की गिऱ्हाइकं, पत्ते, उधारी सगळं गेलं. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन, म्हणजे जादा गुप्त आकडा, लावा, बॅकअप चालू ठेवा, आणि पत्ते रोज वहीत उतरवा. हो, वहीतच, माझा भरवसा अजून तिच्यावरच आहे. कुणी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला म्हणून पार्सल सोडू नका. खात्यात रक्कम जमा झालेली दिसू द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही, मागितला तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, उशीर केला की पैसे पुढे सरकतात.

बिबडे उन्हाळ्यात केलेलेच पुरवायचे, म्हणून डबे मोजूनच ऑर्डरी घ्या. संपले की सरळ ‘संपले’ लिहा. पुण्याच्या सूनबाई रुसतील, रुसू द्या. केळी बारमाही, तिथं अडत नाही. मात्र वेफर्सचा चुरा झाला तर पैसे परत की दुसरं पाकीट, हे ऑर्डर घेतानाच कळवा. आणि कुरिअरवाला अडकलाच, तर स्पीड पोस्ट आहेच.