शिवकाळातला अंगरखा शिवताना काय बघायचं? साटिन चालेल का?

साटिन अजिबात नको. ६ जूनला राज्याभिषेक सोहळ्यासाठी रायगडावर जायचं तर साटिनच्या पॉलिएस्टर कापडात घामाने जीव नकोसा होईल, आणि तशीही ती चकाकी फोटोत लगेच कळते. हातमागाचं सुती घ्या, थोडं जाडंभरडं असलं तरी मस्त दिसतं. रंग नीळ, मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी), हळद अशा नैसर्गिक रंगांतले, कारण केमिकल रंग १८५६ नंतरचे, त्यामुळे तो भडक गुलाबी-जांभळा टाळाच.

कटिंगला आजचा कुर्ता समोर ठेवू नका. खांद्याला गोल मुंढा (बाही जोडायचा गोलाकार काप) कापायचा नाही, बाही सरळ जोडायची आणि काखेत चौबगला, म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा, टाकायचा, हात वर केला की तोच कामाला येतो, नाहीतर तलवार उचलताच काखेत टर्रकन फाटतं. खालचा घेर कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद खाली रुंद अशा पट्ट्या जोडून केलेला. बटण, चेन, वेल्क्रो काही नको, कापडाचेच बंद लावा. शिलाई मशीन १९व्या शतकातलं, म्हणून आतल्या लांब शिवणी मशीनवर मारल्या तरी गळा, बाहीची कड आणि खालची तुरपाई हातानेच करा, तिथेच लोकांची नजर जाते.

आणि सिरियलमधले कपडे कॉपी करू नका प्लीज, अॅमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियम या संग्रहालयाच्या साइटवर शिवाजी महाराजांचं गोवळकोंड्यात काढलेलं १७व्या शतकातलं चित्र आहे ते झूम करून बघा.